फोनातल्या बाईला सांगायचं नाव

माझ्या वडिलांचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते घ्यायचा सगळ्यात मोठा हक्क जिचा, तिनंच ते उभ्या जन्मात सरळ घेतलं नव्हतं. तिनं ते घ्यावं म्हणून आमच्या वस्तीवर जो तमाशा झाला तो मी या डोळ्यांनी पाहिलाय. तेव्हा मी कशाला उगाच पुढं पुढं करू? आम्ही पोरं त्यांना नाना म्हणतो. इथंही नानाच म्हणू.

नाना आणि आई तिसगावजवळ आमच्या वस्तीवर राहतात. मी लग्न होऊन केडगावला आले, ब्लाऊज शिवते. थोरला भाऊही केडगावलाच, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर. वस्तीवर उरले दोघंच. आईच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला आणि तिला माणसांच्या जागी नुसत्या सावल्या दिसायला लागल्या. नानांचे कान त्याच्याही आधी गेले होते. दारात कुणी आलं की ते आईला ऐकू यायचं आणि नानांना दिसायचं. दोघांचं एकमत होईपर्यंत आलेला माणूस कंटाळून परत निघालेला असायचा. पण मजेत होते हो दोघं. आमचीच झोप उडालेली.

त्यात मागच्या उन्हाळ्यात आईला अंगणात चक्कर आली. खाली बसली ती बसलीच. नाना पलीकडं गोठ्यात म्हशीला पाणी पाजत होते. आई इकडून हाका मारतेय, "अहो! अहो, ऐकलं का!" आणि नाना म्हशीशी गप्पा मारण्यात दंग. शेवटी दूध न्यायला माणूस आला, त्यानं आईला उठवून ओट्यावर बसवलं आणि नानांना हातवारे करून बोलावून आणलं. नाना आले ते आईलाच रागावले.

"मला हाक मारायची की!"

आईनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मला हसावं की रडावं तेच कळेना. भावाचं मात्र डोकं फिरलं. तो म्हणाला, बास झालं आता. दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला जातात, अर्धी वस्ती रिकामी होते, मग तिकडं हाक मारली तरी ऐकायला कुत्रं नसतं. टोळ्या जायच्या आत मी दोघांना केडगावला घेऊन येणार.

आता केडगावच्या त्या फ्लॅटचा अनुभव दोघांनी एकदा घेतला होता. वस्तीवर आईला चूल हाताला ठाऊक, गोठ्याची वाट पायाला ठाऊक. दिसत नसलं तरी तिचं कुठं अडत नाही. फ्लॅटमध्ये तिला खुर्चीत बसवली तशी ती बसून राहिली, संध्याकाळी उठवली. आणि नानांनी गॅलरीतून तंबाखूची पिचकारी मारली ती खालच्या बाईंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर. सोसायटीची मीटिंग बसली. परत निघाल्यावर पाथर्डीच्या एसटीत आई आनंदानं रडली होती. म्हणून भावाचा निरोप मी सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी हितं मरंन, पन तिथं बसायची न्हाई." हे ती रडून नाही, भाकरी थापता थापता म्हणाली. त्यामुळं मला जास्त भीती वाटली.

मी भावाशी भांडले. आमच्यात भांडणाचं काम माझ्याकडंच आहे. तास-दीड तास त्याचं डोकं खाल्ल्यावर त्यानं एक अट घातली. आईनं घरात बसून, कुणाची मदत न घेता, बाहेर गेलेल्या नानांना फोन लावून दाखवायचा. लागला तर खुशाल राहा. नाही लागला तर टेम्पो आणतो, मग माझ्याशी वाद घालायचा नाही. मी म्हटलं, एवढंच ना? मला वाटलं आपण जिंकलो.

भाऊ हौशी. त्यानं दोघांना दोन नवे फोन आणले आणि नानांना कानाचं मशीन. मशीन असं की फोन आला की आवाज थेट कानात. आईचा फोन तर विचारूच नका. बाजूचं बटण दाबून धरलं की आतून एक बाई म्हणते, "बोला." आपण म्हणायचं अमक्याला फोन लाव, की लावते. मेसेज आला की वाचून दाखवते. कुणाचा फोन आला की आधी मोठ्यांदा त्याचं नाव सांगते आणि मग वाजतो. आईला बटण सापडावं म्हणून मी त्याच्यावर सदऱ्याचं एक छोटं बटण गोंदानं चिकटवलं. आमच्या धंद्यात बटणांना काय तोटा.

आईचं आणि त्या बाईचं पहिल्या दिवसापासून जमलं. बाईनं सांगितलं, "प्रिय ग्राहक, आपला रिचार्ज लवकरच संपत आहे," की आई म्हणायची, "बरं बाई, सांगते पोराला." बाई हवामान सांगायची, आई आभाळाकडं तोंड करून त्याचं खरं-खोटं करायची. "पाऊस न्हाई म्हंती, पन वारं वेगळं हाय गं." बाई गप्प झाली की आई विचारायची, "जेवलीस का?" मी आपली कौतुकानं बघत बसलेली.

मग नानांनी अंगणातून पहिला फोन लावून बघितला. आईच्या हातातला फोन खणखणीत आवाजात म्हणाला, नानांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, आडनाव, "यांचा फोन आला आहे."

आईच्या हातातून फोन पडला.

"ही कोन भवानी?" आई म्हणाली. "माझ्यासमोर माझ्या नवऱ्याचं नाव घेती!"

मी पोट धरून हसले. पण नाना हसले नाहीत. त्यांनी बहिरेपणात इतका मोठा आवाज बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता, आणि एका बाईच्या तोंडून आपलं नाव तर त्यांची आई गेल्यापासून नाही. ते आत आले, बाजेवर आईशेजारी बसले आणि तिथं बसून पुन्हा फोन लावला. बाईनं पुन्हा नाव घेतलं. नानांनी मान डोलावली. पुन्हा लावला. त्या दुपारी त्यांना दुसरं काम सुचेना. आई शेवटी फोन मांडीखाली घालून बसली, तर मांडीखालून नाव ऐकू यायला लागलं.

इथपर्यंत सगळी मजाच होती. मी आईला म्हटलं, "चल, आता तू लाव. बटण दाब, नाव सांग, लगेच लागतो."

"कुनाचं नाव?"

"नानांचं."

आई माझ्याकडं अशी बघायला लागली की तिला दिसत नाही यावर माझा विश्वासच बसेना.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई! आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेत नाहीत. नाव घ्यायचं ते लग्नात, डोहाळेजेवणात, बारशाला, ते पण उखाण्यात, लाजत, चार बायकांनी मागं लागल्यावर. एरवी नवरा म्हणजे 'अहो', नाही तर 'घरचे', नाही तर नुसतंच वाक्य, ज्यात कोण ते समजून घ्यायचं. आईनं एकदा रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारल्यावर मला पुढं केलं होतं, तेव्हा मी दुसरीत होते. आणि भावाला हे सुचलंच नाही. तो प्रत्येकाचा नंबर पूर्ण नावानं साठवतो, जसं काही सगळी दुनिया मतदार यादीच आहे.

"अगं, माणसापुढं नाही घ्यायचं," मी म्हटलं, "मशीनपुढं घ्यायचं."

"मशीन कशी? बाई हाय ती. आत्ताच जेवली का इचारलं मी तिला."

"आई, आता काळ बदललाय!"

"व्हय का? मंग तुझ्या फोनात जावईबापू कोन्त्या नावानं हायेत?"

माझ्या फोनात आमचे हे 'घरचे' या नावानं आहेत. काय बोलणार, कप्पाळ?

बरं, म्हटलं, नाव बदलू. त्यात काय एवढं? 'मालक' ठेवू. आई म्हणाली, "मालक? म्हंजे मी काय मोलकरीन?" 'कारभारी' ठेवू. तर म्हणाली, कारभार सगळा मी बघते. शेवटी मी नानांना न सांगता त्यांचं नाव पुसून तिथं 'अहो' घातलं. आईनं बटण दाबलं, "अहोला फोन लाव" म्हणाली, लागला! मी जिंकल्यासारखी नाचले. संध्याकाळी नाना बाजेवर बसले, रोजच्यासारखा आईला फोन लावला आणि कान पुढं करून वाट बघत राहिले. बाई म्हणाली, "अहो यांचा फोन आला आहे."

नानांनी फोन खाली ठेवला. चहा आणला तो घेतला नाही. भाकरी वाढली तर म्हणाले भूक न्हाई. मी ओरडून ओरडून विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "अहो म्हंजे मी का? अहो तर ती दूधवाल्यालाबी म्हंती."

"नाना, सोयीसाठी केलंय!"

"सातबाऱ्यावर जे हाय तेच फोनात पायजे. न्हाईतर उचला फोन आन् टाका हिरीत."

मला असा राग आला! इकडं घर सुटायची वेळ आली आणि म्हाताऱ्याला नावाचं पडलंय. मी बोलले, नाही म्हणत नाही, चांगलं सुनावलं. पण पुन्हा सातबाऱ्यावरचं नाव घातलं. बाईनं ते घेतलं तेव्हा नानांनी ताट ओढून घेतलं. आणि जेवता जेवता, आईकडं न बघता, म्हणाले, "परकी बाई घेती. घरची घेत न्हाई."

आई तव्याकडं तोंड करून म्हणाली, "तुमी तरी मला कदी नावानं हाक मारली?"

नानांना ते ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. नानांनी घास गिळला.

"हाक लांबच्याला मारत्यात," ते म्हणाले. "ही कुटं लांब जाती?"

आता नानांच्या मशीनचं सांगते. ते डबीतच होतं. भावानं आणलं त्या दिवशी एकदा घातलं, म्हणाले कानात भुंगा शिरला, आणि काढलं ते काढलंच. फोन वाजला तरी त्यांना तो लांब असला तर कळायचा नाही. म्हणजे आईनं लावला आणि नानांनी उचललाच नाही, तरी अट मोडलीच. मी त्यांना हात जोडले. नाना, मशीन घाला. ते म्हणाले, "ऐकन्यासारखं काय हाय घरात? तिनं नाव घेतलं तर घालतो." आईला सांगितलं. आई म्हणाली, "आदी घाला म्हनावं, मंग बगू." असे हे दोघं. एक म्हणे तू आधी, दुसरी म्हणे तुम्ही आधी, आणि मधे मी, केडगाव ते तिसगाव एसटीचे धक्के खात.

शेवटी आईनंच तोडगा काढला. नुसतं नाव घ्यायचं म्हणजे अंगावर काटा येतो, उखाण्यात घेईन म्हणाली. मी म्हटलं घे बाई, कशातही घे.

शेजारच्या चुलत काकूंना कळलं. काकूंना कळलं म्हणजे वस्तीला कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात बायका जमल्या. कुणी हळदी-कुंकवाची कोयरी पण घेऊन आली, उखाणा आहे तर असू दे म्हणून. आई नवं लुगडं नेसून मधे बसली, फोन हातात. बटण दाबलं. बाई म्हणाली, "बोला." आईनं पदर सावरला.

"माळावरच्या बाभळीला पिवळी पिवळी फुलं..." आणि थांबली. थांबायचंच असतं तिथं. सगळ्या बायका म्हणाल्या, "वाऽऽऽ!"

फोनातली बाई म्हणाली, "बाभूळ हे एक काटेरी झाड आहे. ते कोरड्या हवामानात वाढते. त्याची साल औषधी असते."

आईनं सगळं ऐकून घेतलं. "बाईला म्हायती लई हाय," ती म्हणाली. पण मुद्द्याचं राहिलं. पुन्हा केलं. पुन्हा बाभूळ. बाई आपली थांबली की बोलायला लागायची, तिला उखाण्यातलं थांबणं कळेना. मी आईला म्हटलं, मधे श्वास घेऊ नको. आईनं न थांबता म्हणायचा प्रयत्न केला तर नाव येईतो बाईचं ऐकणंच संपलं. "माफ करा, मला समजले नाही." मी म्हटलं, मग नाव आधी घे, बाभूळ नंतर. तर सगळ्या बायका माझ्यावर तुटून पडल्या. नाव आधी? उखाण्यात? शहरात जाऊन डोकं फिरलं काय तुझं?

मग काकू पुढं सरसावल्या. "तुमाला येत न्हाई, द्या हिकडं. उखाना कसा आटोपशीर पायजे." फोन हातात घेतला, बटण दाबलं आणि एका दमात म्हणाल्या, "हरभऱ्याची भाजी खुडली वटा भरून..." आणि लगेच आमच्या चुलत्यांचं नाव घेऊन "मान खाली करून" असं काहीतरी संपवून टाकलं. फोनातली बाई खूश झाली असावी. ती म्हणाली, "फोन लावत आहे."

"लागला! अगं बया, लागला!" सगळ्या किंचाळल्या. काकू लाजून पदरात तोंड लपवून बसल्या. कुणाला लागला ते बघायचं कुणालाच सुचलं नाही. चुलत्यांच्या नावाचेच आमचे जनावरांचे डॉक्टर, आणि भावानं त्यांचाही नंबर नावानं घातलेला. डॉक्टरांनी फोन उचलला तर पलीकडून बायकांचा कल्लोळ. बिचाऱ्यांना वाटलं म्हैस अडली. आमच्या टाळ्या संपायच्या आत ते मोटारसायकलवर, गळ्यात पिशवी, हातात इंजेक्शन, असे अंगणात हजर.

म्हैस शांतपणे रवंथ करत होती. डॉक्टरांना चहा दिला, काय झालं ते सांगितलं. ते चहा पिता पिता विचारात पडले. म्हणाले, "वहिनी, उखाणा छोटा करून बघा." म्हणजे हेही त्यातलेच! माझी हसून हसून मुरकुंडी वळली. आई मात्र हसत नव्हती. बायका गेल्यावर तिनं लुगड्याची घडी घातली आणि मला विचारलं, "टेम्पो कदी येनार हाय?"

तेव्हा माझंही हसू गेलं.

टेम्पो त्या रविवारी आला. सोबत भाऊ. टोळ्यांचे ट्रक वस्तीवर लागलेलेच होते. चुलते आणि काकूंचं सामानही बांधून झालेलं. भाऊ म्हणाला, "नाना, तुम्ही खालच्या वावरात जाऊन बसा. आई, तू इथून लाव."

नाना गेले. आईनं बटण दाबलं. बाई म्हणाली, "बोला." आईचे ओठ हलले. मी बघत होते, ते नाव पार ओठापर्यंत आलं होतं. मग तिनं अंगणात उभ्या असलेल्या सगळ्या सावल्यांकडं बघितलं, पोरगा, टेम्पोवाला, काकू, आणि ओठ मिटले. बाई म्हणाली, "मला ऐकू आले नाही." पुन्हा दाबलं. "मला ऐकू आले नाही." पुन्हा. भावानं मान फिरवली. त्याला काय आनंद होत होता असं नाही, पण तोही हट्टी, नानांचाच पोरगा. तो म्हणाला, "चला, भरायला घ्या."

मी भावाला नको नको ते बोलले. तो ऐकून घेत गेला आणि सामान उचलत गेला. बाज गेली. गाद्या गेल्या. पिठाचा डबा गेला. नाना कधीतरी वावरातून परत आले, भरलेला टेम्पो बघितला, त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि घरात गेले. आई ओट्यावर बसून होती. तिला दिसत नव्हतं, पण काय काय जातंय ते आवाजावरून कळत होतं. "ते पाटं-वरवंटं हाय का?" एवढंच तिनं एकदा विचारलं. तो पाटा-वरवंटाच होता.

निघायची वेळ झाली आणि नाना कुठं दिसेनात.

भावानं हॉर्न वाजवायला लावला. बहिऱ्या माणसाला हॉर्न! मग सगळ्यांनी हाका मारल्या. नाना! ओ नाना! गोठ्यात नाहीत. खालच्या वावरात नाहीत. टोळीच्या ट्रकात नाहीत. पाव तास गेला. भाऊ आधी चिडला, मग स्वतः गोठ्यात पुन्हा बघून आला. आणि तेवढ्यात काकूंनी तोंड उघडलं, "हिरीकडं बगा कुनीतरी. सकाळीच तोंड उतरलेलं हुतं त्यांचं."

अरे देवा. असं बोलावं माणसानं? भाऊ पळत सुटला. आईचा चेहरा मी बघितला आणि वाटलं ही आता पुन्हा खाली बसणार, चक्कर येणार हिला. पण ती उठून उभी राहिली. कमरेची पिशवी चाचपली, फोन काढला, सदऱ्याचं बटण शोधलं, दाबलं.

"बोला," बाई म्हणाली.

आणि आईनं नाव घेतलं. बाभूळ नाही, फुलं नाहीत, काही नाही. नाव, वडलांचं नाव, आडनाव. सातबाऱ्यावर आहे तसं, सरळ, एका श्वासात. "लाव," ती म्हणाली. "लवकर लाव."

बाईनं लगेच लावला.

आणि टेम्पोत, दोरीनं आवळून बांधलेल्या गाद्यांच्या आतून, नानांचा फोन वाजायला लागला.

वावरातून आल्यावर नानांनीच तो गाद्यांत खुपसला होता. आईनं तो आवाज ऐकला. तिला कळलं असावं की हा काही लांबून येत नाही. तिनं हातातला फोन खाली केला. विहिरीकडं गेलेला भाऊ परत येताना दिसला, मान हलवत, नाहीत तिथं. आईला ते दिसलं नाही. ती अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली, चेहरा कुठं फिरवावा ते तिला समजत नव्हतं, आणि तिनं हाक मारली. आता फोन नव्हता, बाई नव्हती. नुसतं पहिलं नाव, राव नाही, काही नाही, जसं एखाद्या पोराला तिन्हीसांजेला घरी बोलावतात तसं. आवाज फाटला तिचा.

बाजरीच्या सरमडाची, म्हणजे वाळल्या ताटांची, गंजी अंगणाला लागूनच आहे. तिच्यामागून आवाज आला.

"ओ."

नाना बाहेर आले. डोक्यात, मिशीत सरमडाचा चुरा. आणि दोन्ही कानांत मशीन. भरलेला टेम्पो बघून घरात गेले तेव्हाच त्यांनी डबी खिशात घातली होती, हे नंतर कळलं. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. मग मला इतका संताप आला की मी त्यांच्या अंगावरच धावून गेले. आम्ही घसा फोडून हाका मारतोय, विहीर बघून आलो, आणि तुम्ही हातभरावर लपून बसलाय? ऐकू येत नव्हतं का?

"वरडू नगो," नाना म्हणाले. "समदं ऐकू येतंय."

आई अजून तिथंच उभी होती. ती म्हणाली, "फोनला सांगितलं तेबी ऐकलं?"

"ऐकलं."

"मंग तवाच ओ का न्हाई दिली?"

नानांनी मिशीतलं सरमड काढलं.

"दुसऱ्यांदा घेतीस का बगत हुतो."

आई त्यांना असं काय काय बोलली की टेम्पोवाला गाडीच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. मेला, मुडदा, सगळं झालं. तोंड दुखेपर्यंत बोलली आणि मग डोळ्याला पदर लावला. भाऊ दोघांकडं बघत उभा होता. त्याला विचारायला मी टपूनच होते, फोन लागला की नाही? लागला ना? उचलला नाही म्हणतोस, पण माणूस आला की नाही? पण त्यानं मला ती संधी दिली नाही. तो टेम्पोवर चढला आणि गाद्यांची दोरी सोडायला लागला. काकू म्हणाल्या, पाटा-वरवंटा आधी उतरवा.

ते आता वस्तीवरच आहेत. टोळ्या गेल्या, वस्ती सुनी झाली, पण आईचा फोन बरोबर लागतो आणि नाना उचलतात. कानातलं मशीन ते झोपतानाही काढत नाहीत, भुंगा कुठं गेला कोण जाणे. आई नाव घेते, पण फक्त फोनातल्या बाईजवळ, आणि तेही नाना घराबाहेर असले तरच. त्यांच्या तोंडावर नाही म्हणजे नाही. म्हणून नाना हल्ली दिवसातून पाच-सहा वेळा काहीतरी काम काढून बाहेर जातात. लांब नाही. गंजीपर्यंत.